बातमीच्या आधी पोहोचलेले आरमार

अंतराळयुद्धाच्या कथांमध्ये एक प्रसंग हमखास येतो. सेनापती आज्ञा देतो, याने प्रकाशाचा वेग ओलांडतात आणि पुढच्याच वाक्यात आरमार शत्रूच्या ग्रहावर उभे ठाकलेले असते. मधला सारा प्रवास एका स्वल्पविरामात आटोपतो. या स्वल्पविरामाविषयी आम्हांला फार दिवसांपासून कुतूहल आहे. भौतिकशास्त्राच्या अंगाने त्यावर पुष्कळ आक्षेप घेतले गेले आहेत आणि ते रास्तही आहेत. परंतु लेखकाला तेवढी सवलत दिली, प्रकाशाहून वेगाने जाता येते असे कथेपुरते मान्य केले, तरी पुढचा प्रश्न शिल्लकच राहतो. अशा विश्वात युद्ध कसे होईल? ते तसे होत असेल, तर तिथे कोणत्या प्रकारची राज्ये टिकतील, व्यापार कोण करील, आणि सामान्य माणसे रात्री निर्धास्त झोपतील का? कथाविश्व रचणाऱ्याने निदान एवढा हिशेब मांडावा, अशी आमची अपेक्षा आहे.

आम्ही कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात साहित्य शिकवतो. पदवीच्या वर्गाला दरवर्षी एक उपक्रम देतो: स्वतःचे एक कथाविश्व रचून आणा. मुले फार मन लावून काम करतात. नकाशे येतात, पंचांगे येतात, राजघराण्यांच्या वंशावळी येतात; शस्त्रांना तर देखणी संस्कृत नावे असतात. टपाल मात्र कोणाच्याही विश्वात नसते. म्हणून आम्ही प्रत्येकाला तीन प्रश्न विचारण्याचा प्रघात ठेवला आहे. बातमी किती वेगाने जाते? वाट कुठून जाते? आणि सैन्याला मिळालेला हुकूम किती जुना आहे? मुले थोडी हिरमुसतात. ‘सर, यान प्रकाशाच्या हजारपट वेगाने जाते, मग बातमीचा प्रश्न येतोच कुठे?’ असे एका विद्यार्थिनीने एकदा विचारले. प्रश्न नेमका तिथेच येतो, आणि त्याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. ठाणे ते कल्याण या खाडीकाठच्या पट्ट्यात, आणि तिथून निघणाऱ्या वाटांवर, या तिन्ही प्रश्नांनी इतिहास घडवलेला आहे.

पहिला प्रश्न बातमीचा. युद्धाच्या इतिहासात सैन्याच्या वेगाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, सैन्य आणि बातमी यांच्यातल्या अंतराला अर्थ असतो. जानेवारी १६६४मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर गेले, तेव्हा ते गणदेवीपर्यंत आल्याची वार्ता शहरात पोहोचली ती हल्ल्याच्या जेमतेम एक दिवस आधी. त्या एका दिवसात ज्यांना पळता आले ते पळाले, सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, आणि इंग्रजांनी आपली वखार लढवण्याची तयारी केली. एक दिवस म्हणजे फार थोडा वेळ. पण तेवढ्यात माणसांना आपापल्या स्वभावाप्रमाणे वागता आले. सैन्य बातमीच्या मागे चालत होते, फक्त फार जवळून.

याच्या दुसऱ्या टोकाला पानिपत आहे. लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना पराभवाची वार्ता कळली २४ जानेवारीला, भेलशाच्या मुक्कामी, मोत्या-मोहरांच्या सांकेतिक भाषेत लिहिलेल्या एका सावकारी पत्रातून. मधले दहा दिवस पेशवाई एका अशा जगात वावरत होती, जे आता अस्तित्वात नव्हते. शिवाय ती वार्ता आली सावकाराच्या डाकेने. वेगवान वाट ज्याच्या हाती असते, त्याला राज्याच्या आधी राज्याचे भवितव्य कळते. अंतराळसाम्राज्याची कथा लिहिणाऱ्याने या सावकाराचा विचार अवश्य करावा.

तारायंत्राच्या युगात बातमी सैन्याच्या कितीतरी पुढे गेली. घोड्यांच्या आणि शिडाच्या जहाजांच्या काळात ती थोडीच पुढे असे. परंतु ती कायमची आणि नियमाने सैन्याच्या मागे आहे, अशी स्थिती माणसाने अनुभवलेली नाही. प्रकाशाहून वेगवान यान नेमकी तीच स्थिती निर्माण करते. सूर्यानंतरचा आपला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. समजा, तिथले आरमार एका दिवसात इथे पोहोचू शकते, पण संदेश मात्र प्रकाशाच्याच वेगाने जातो. मग आपल्या दुर्बिणींना ते आरमार निघताना दिसेल सव्वाचार वर्षांनंतर. ते येऊन, शहरे जाळून, परत जाऊन चार वर्षे झाली, तरी आकाशात ते आपल्याच तळावर शांत उभे असलेले दिसत राहील. इथे पहारेकऱ्याचा आळस कारण नाही, हेराची फितुरी कारण नाही. पहारा हा शब्दच तिथे निरर्थक होतो.

आणि पहारा गेला की राजकारणही पालटते. बचाव शक्य नसेल, तर उरतात दोनच मार्ग: आपण आधी वार करणे, किंवा इतके विखरून राहणे की एका वाराने सगळे संपू नये. येणारे यान व्यापाऱ्याचे की शत्रूचे, हे ते दारात येईपर्यंत कळत नाही. त्यात यान स्वतःच अस्त्र असते. प्रकाशाच्या सुमारे ८७ टक्के वेगाने जाणाऱ्या एक किलो वजनाच्या वस्तूची गतिज ऊर्जा सुमारे दोन कोटी टन टीएनटीच्या स्फोटाएवढी भरते. ज्या विश्वात प्रत्येक मालवाहू यान हजारो टनांचे आहे आणि या वेगाच्या आसपासही जाऊ शकते, तिथे कोण कोणाला बंदरात येऊ देईल? आमच्या विद्यार्थ्यांच्या विश्वांत मात्र शंभर ग्रहांची लोकशाही संघराज्ये असतात आणि त्यांच्या सीमांवर जकातनाकी असतात. असू द्यावीत, परंतु ती टिकली कशी, हे सांगण्याची जबाबदारी लेखकावर येते.

इथे सापेक्षतेच्या सिद्धान्ताची एक अडचणही नोंदवली पाहिजे. प्रकाशाहून वेगाने काहीही गेले, तर पुरेशा वेगाने दूर जाणाऱ्या एखाद्या निरीक्षकाच्या हिशेबाने ते निघण्याआधीच पोहोचलेले ठरते. आणि असे दोन प्रवास योग्य रीतीने जोडले तर स्वतःच्या भूतकाळात निरोप धाडता येतो. सेनापतीला आपल्या पराभवाची वार्ता लढाईच्या आधी मिळू शकेल. मग तो लढेल का? न लढल्यास वार्ता कोणी धाडली? बहुतेक लेखक या विहिरीत डोकावत नाहीत, आणि आम्ही त्यांना दोष देत नाही. पण जे डोकावत नाहीत त्यांनी आपल्या विश्वात कोणते बंधन मानले आहे, ते निदान स्वतःपाशी तरी लिहून ठेवावे.

अशी बंधने घालण्याचा एक जुना मार्ग म्हणजे वाट अरुंद करणे, आणि हा आमचा दुसरा प्रश्न. लॅरी निव्हन आणि जेरी पूर्नेल यांच्या ‘द मोट इन गॉड्स आय’ या १९७४च्या कादंबरीत ताऱ्यांमधली उडी कुठूनही मारता येत नाही. ठरावीक बिंदूंपासून ठरावीक बिंदूंपर्यंतच ती शक्य असते. त्यामुळे बिंदूच्या तोंडाशी आरमार उभे करता येते, पहारा पुन्हा अर्थपूर्ण होतो, आणि कथेतले सारे राजकारण त्या एका तोंडाभोवती फिरते. ज्याने कल्याण पाहिले आहे त्याला ही कल्पना परकी वाटू नये. सह्याद्री सगळीकडून ओलांडता येत नाही. थळ, माळशेज, नाणे आणि बोर या घाटांनी देशावरचा माल खाली उतरे, कल्याणच्या बंदरात येई आणि खाडीने समुद्राला लागे. आजही रेल्वे कल्याणलाच दुभंगते: एक फाटा कसाऱ्याकडून थळ घाटाला, दुसरा कर्जतकडून बोर घाटाला. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख आहे तो अशाच संदर्भात. या बंदरातला व्यापार रोखला गेला आहे, आणि ग्रीक जहाज तिथे आलेच तर पहाऱ्यात भडोचला नेले जाण्याचा धोका आहे, अशी सूचना त्यात खलाशांना दिलेली आहे. बिंदूवर ताबा असलेल्या सत्तेचे इतके नेमके वर्णन अंतराळकथांतही क्वचित सापडते.

खिंडीचे सामर्थ्य उंबरखिंडीने दाखवले. २ फेब्रुवारी १६६१ रोजी घाट उतरून कोकणात येणारी कारतलबखानाची मोगल फौज शिवाजी महाराजांनी अरुंद वाटेत कोंडली. खानाला सारी सामग्री टाकून, शरण येऊन, सुटका करून घ्यावी लागली. संख्येचा प्रश्नच उरला नाही; वाट ज्याची, लढाई त्याची. परंतु त्याच भूगोलाची दुसरी बाजूही होती. १६५७मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर महाराजांनी या खाडीत जहाजबांधणी सुरू केली आणि मराठ्यांच्या आरमाराचा उगम दुर्गाडीच्या परिसरात झाला. हे अभिमानाने सांगितले जाते, आणि सांगावेच. मात्र कल्याणला बांधलेले गलबत समुद्रात न्यायचे, तर त्या वेळी खाडीच्या दोन्ही तोंडांशी, वसईला आणि ठाण्याकडे, पोर्तुगीज बसलेले होते. आरमार आपले, तोंड दुसऱ्याचे. कथाविश्वाच्या नकाशावर तारे काढणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही हे उदाहरण देतो, तेव्हा नकाशा खोडून पुन्हा काढावा लागतो. आणि दुसरा नकाशा पहिल्यापेक्षा नेहमीच चांगला असतो.

तिसरा प्रश्न हुकमाच्या वयाचा. त्याचे उदाहरण ठाण्याच्या किल्ल्यात आहे, जिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे. १७३७मध्ये मराठ्यांनी हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. १७७४मध्ये पोर्तुगीज साष्टी आणि वसई परत घेण्यासाठी येत आहेत अशी वार्ता मुंबईकर इंग्रजांना लागली, आणि पोर्तुगीजांच्या आधी आपणच जावे म्हणून त्यांनी डिसेंबरात ठाण्याचा किल्ला जिंकला. येऊ घातलेल्या आरमाराच्या नुसत्या बातमीने हे युद्ध घडवले. पुढे ६ मार्च १७७५ रोजी मुंबईकरांनी रघुनाथरावांशी सुरतेचा तह केला आणि पेशवाईच्या भांडणात सैन्य घातले. आता मुंबईवर कलकत्त्याच्या कौन्सिलचा वरचष्मा होता. त्यांना हे कळले तोवर लढाई सुरूच झाली होती. त्यांनी तह अमान्य केला, कर्नल अप्टनला वाटाघाटींसाठी धाडले, आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. त्यानंतर त्याच वर्षी लंडनहून संचालकांचे पत्र आले. त्यात सुरतेच्या तहाला संमती होती! म्हणजे मुंबईने युद्ध सुरू केले, कलकत्त्याने ते रद्द केले, आणि लंडनने रद्द झालेल्या गोष्टीला मान्यता दिली. तिघेही आपापल्या माहितीप्रमाणे वागत होते. फक्त प्रत्येकाची माहिती वेगवेगळ्या वयाची होती. हे युद्ध सालबाईच्या तहाने संपायला १७८२ साल उजाडले आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

हीच परिस्थिती अर्सुला ल ग्विन यांनी ‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’ या १९७२च्या लघुकादंबरीत मांडली. त्यांच्या विश्वात याने प्रकाशाच्या वेगाच्या आतच चालतात, पण ‘ॲन्सिबल’ नावाच्या यंत्राने निरोप मात्र तत्क्षणी पोहोचतो. दूरच्या एका वसाहतीत हे यंत्र येते आणि पृथ्वीचे नवे हुकूम एकाएकी ऐकू येऊ लागतात: स्थानिकांवरचे अत्याचार थांबवा. तोवर जुन्या हुकमांच्या आडोशाने मनमानी करणारा कॅप्टन डेव्हिडसन हे निरोप बनावट आहेत असे ठरवतो आणि आपले युद्ध चालूच ठेवतो. ठाणे आणि पुरंदर ठाऊक असलेल्या वाचकाला डेव्हिडसन ओळखीचा वाटतो. अंतराचा आडोसा घेऊन आपले युद्ध करणारा अधिकारी प्रत्येक साम्राज्यात असतो.

म्हणून वेगवान निरोप सदैव हितकारकच असतो, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ज्या रेल्वेने १८५३मध्ये ठाणे गाठले आणि १८५४मध्ये खाडी ओलांडून कल्याण गाठले, तिच्या पुरस्कारासाठी लॉर्ड डलहौसी यांनी लिहिलेल्या टिपणीत सैन्याच्या हालचालींचा लाभ ठळकपणे मांडलेला होता. १८७०मध्ये समुद्री तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली, तेव्हा मुंबईकरांचे स्वातंत्र्य संपले तसे त्यांचे बहाणेही संपले. यापुढचे निर्णय मुंबईऐवजी लंडनमध्ये बसलेली माणसे घेऊ लागली. ती शहाणीच असतील याची हमी तारेने दिली नव्हती. निरोपाचा वेग सत्तेचे ठिकाण बदलतो. सत्ता सुधारते की नाही, हा निराळा प्रश्न आहे.

मराठी विज्ञानकथेने या प्रश्नांकडे कसे पाहिले? आमच्या वाचनाची मर्यादा मान्य करून म्हणतो की तिने काळाचा विचार पुष्कळ केला, युद्धाचा त्या मानाने कमी. जयंत नारळीकर यांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने पाठवलेली ‘कृष्णविवर’ ही कथा मंदावणाऱ्या काळाच्या कल्पनेशी निगडित आहे. त्याच वर्षी अमेरिकेत जो हॉल्डमन यांची ‘द फॉरएव्हर वॉर’ प्रसिद्ध झाली. व्हिएतनाममध्ये लढून आलेल्या या लेखकाने काळाचे तेच मंदावणे सैनिकाच्या वाट्याला दिले. त्याचा नायक काही वर्षे लढतो आणि हजारांहून अधिक वर्षांनी परततो. समोरचा शत्रू कोणत्या शतकातले शस्त्र घेऊन येईल हे त्याला ठाऊक नसते. आणि शेवटी कळते की युद्ध गैरसमजातून सुरू झाले होते. मूळ कल्पना एकच, पण एकीकडे शास्त्रज्ञाचे कुतूहल आहे आणि दुसरीकडे शिपायाचे दुःख. मराठीत युद्धाची कल्पनाशक्ती ऐतिहासिक कादंबरीने आपल्याकडे ठेवून घेतली, हे याचे एक कारण असावे.

या दोन प्रवाहांना जोडणारी कथाही नारळीकरांनीच लिहिली. तिच्यात पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागत नाही आणि इतिहास दुसऱ्या वाटेने जातो. ती कथा आम्ही दरवर्षी वर्गात वाचतो. गोळीच्या एका इंचावर इतिहास टांगलेला आहे, ही तिची कल्पना मुलांना खिळवून ठेवते. आम्ही तिच्या शेजारी दुसरी शक्यता ठेवतो. ऑक्टोबर १७६०मध्ये अब्दाली यमुना उतरून भाऊंच्या आणि दिल्लीच्या मध्ये आला, आणि पुढचे अडीच महिने मराठ्यांची रसद आणि पत्रे दोन्ही तुटत गेली. गोळी लागली असती, पण पत्रे वेळेवर पोहोचली असती तर? या शक्यतेत वीरश्री कमी आहे. तरीही ती कथा कोणीतरी लिहावी, असे आम्हांला मनापासून वाटते.

हे सारे केवळ कथाकारांच्या सोयीचे असते, तर एवढे लिहिले नसते. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नू इथे जाऊन पडले. ते अपघाताने सुटले हे भारताने जाहीर केले ११ मार्चला. अस्त्र मिनिटांत पोहोचले. खुलासा दोन दिवसांनी. सुदैवाने त्या दोन दिवसांत समोरच्याने सर्वांत वाईट अर्थ काढला नाही. पुढे ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचे सराव ठरले होते. सरावाचे भोंगे वाजण्याआधी, पहाटेच, ‘ऑपरेशन सिंदूर’ होऊन गेले होते. आणि १० मे रोजी ते युद्ध थांबले तेही दोन लष्करी अधिकाऱ्यांच्या दूरध्वनीवरील बोलण्याने. क्यूबाच्या पेचप्रसंगात निरोप पोहोचायला तासन् तास लागत होते, म्हणून १९६३मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संदेशमार्ग उभारावा लागला. क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांची आगाऊ सूचना एकमेकांना देण्याचा करार भारत आणि पाकिस्तान यांनी २००५मध्ये केला, तोही याच भयापोटी. शस्त्र जितके वेगवान होते, तितकी त्याच्यापुढे धावणाऱ्या शब्दाची व्यवस्था माणसाला मुद्दाम करावी लागते. ती आपोआप होत नाही.

प्रकाशाहून वेगवान यान म्हणजे हीच रेषा शेवटपर्यंत ओढून पाहणे. त्या टोकाला शब्द कायमचा मागे पडतो. म्हणून विज्ञानकथेतल्या या कल्पित यानाचा विचार गंभीरपणे करणे आम्हांला साहित्याच्या वर्गात आवश्यक वाटते. सुरतेच्या व्यापाऱ्यांना मिळालेला तो एक दिवस आपल्या मुलांच्या वाट्याला किती मिनिटांचा येणार आहे, हे त्यांना कळले पाहिजे, आणि ती मिनिटे वाढवता येतात हेही.

पेशवाईच्या दप्तरातली जुनी पत्रे पाहिली, तर अनेकांवर पत्र लिहिल्याच्या मितीबरोबर ते पावल्याची मितीही टिपलेली आढळते. कारकुनाने कर्तव्य म्हणून लिहिलेल्या या दोन तारखांच्या मधल्या मोकळ्या जागेत तहही झाले आणि राज्येही बुडाली. अंतराळातले युद्ध लिहू पाहणाऱ्या मराठी लेखकाने यानाचा वेग ठरवण्याआधी आपल्या पहिल्या पत्रावर या दोन तारखा लिहाव्यात. बाकीचे विश्व त्यांच्यामधूनच उभे राहील.